ओंजळीतलं भांडं

“मग त्याला वेळ सांगतं कोण?”

“कुणीच नाही, बाई. माझं सगळं पुस्तक एवढंच सांगतं.”

“एवढंच सांगायला एवढं जाड?”

मुकुंद हसला. हसणं भाग होतं.

टेबलावर टाइप केलेल्या कागदांचा गठ्ठा होता. वाऱ्याने उडू नये म्हणून बाईंनी त्यावर चष्म्याचं घर ठेवलं होतं. गठ्ठा अजून उघडला नव्हता.

रेगेबाई जन्मभर प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झाल्या होत्या. खाडी समुद्राला मिळते तिथे, दोन खोल्यांच्या घरात एकट्या राहत. त्यांचे विद्यार्थी देशभर पसरले होते. जे मोठे झाले ते वर्षाकाठी एकदा येऊन पाया पडून जात. जे मोठे झाले नाहीत ते जास्त वेळा येत.

डॉ. मुकुंद साटम पुष्कळ वर्षांनी आला होता. आता तो एका संशोधन संस्थेचा प्रमुख होता.

त्याला प्रस्तावना हवी होती. बाईंच्या हातची, चार पानांची. दुसऱ्या कुणाची मान्यता त्याला नको होती. बाईंनी ‘बरोबर आहे’ म्हटलं की पुस्तक छापायला जाणार होतं. त्याची बायको चारू पावसाळ्यात गेली. तेव्हापासून त्याच्यापाशी हे पुस्तकच उरलं होतं.

“पोट सुटलंय तुझं,” बाई म्हणाल्या.

“बसून काम असतं, बाई.”

“बसून नाही सुटत. एकटं जेवून सुटतं. ताटाशी कुणी नसलं की माणसाला थांबायचं कळत नाही.”

त्याने चहाचा कप उचलला. कोरा चहा, गवती पातीचा. बाई दूध आणत नसत.

“बरं, सांग. वर्गात सांगायचास तसं. मी काही वाचलेलं नाही असं समज.”

“तुम्ही खरंच वाचलेलं नाही.”

“म्हणूनच सोपं जाईल तुला.”

त्याने सांगायला सुरुवात केली.

समुद्रफूल. लोक फूल म्हणतात, पण तो प्राणी. त्याच्या संस्थेतली जात नखाएवढी, काचेसारखी आरपार. चिखलात अंग रोवून बसते, वर फक्त तोंड आणि तोंडाभोवती बारीक बोटांचं कडं. मेंदू नाही, डोळे नाहीत, काळीज नाही. तरी दिवस कलला की बोटं पसरून उमलते आणि उजाडलं की मिटून घेते.

“आधी नुसता उजेड आणि अंधार दिला,” मुकुंद म्हणाला. “उजेडावर लय बसते. हे जुनंच आहे. मग उजेड काढून घेतला. पूर्ण काळोख. फक्त पाणी बदलत ठेवलं, अर्धा दिवस कोमट, अर्धा दिवस गार.”

“बसली लय?”

“बसली.”

“बसणारच. ऊन-गार हेही घड्याळच. खडकावरच्या डबक्यात बघ जाऊन.”

“मग दोन्ही एकदम दिली. पण उलटी. उजेड असताना गार, अंधार झाला की कोमट.”

“दुष्टच आहेस.”

“प्रयोग आहे, बाई.”

“तेच म्हणते मी… पुढे?”

“दोघांत थोडा फरक ठेवला, तर उजेडाचं ऐकतात. अगदी उलटं केलं, तर बिथरतात. कधीही उमलतात, कधीही मिटतात. आलेख बघवत नाही.”

“एक म्हणतं दिवस आहे, दुसरं म्हणतं रात्र.”

“हो.”

“कुणाचं ऐकावं बिचाऱ्याने…”

“म्हणून मी लिहिलंय, उजेड मुख्य. उष्णता गौण.”

“गौण,” बाई म्हणाल्या आणि चहाचा घोट घेतला.

मुकुंद पुढे सरकून बसला. आता त्याचं खरं सांगायचं येत होतं.

“शेवटच्या प्रकरणात दोन्ही काढून घेतलं. उजेडही नाही, ऊन-गारही नाही. खोलीला कुलूप. दाराला दुहेरी काळे पडदे. भिंतींना थर. तापमान एका अंशावर अडकवून ठेवलेलं. आत अंधारात बघणारा कॅमेरा. महिनेच्या महिने, बाई. आणि लय हलली नाही.”

“विरलीही नाही?”

“जराही नाही.”

“माझ्या भांड्यांत आठवड्याभरात विस्कटायची.”

“तुमच्या वेळी सोयी नव्हत्या.”

“नव्हत्याच. उंदीर होते मात्र.”

तो पुन्हा हसला. या वेळी मोकळेपणाने.

“सगळ्यात मोठं सांगू? मी संध्याकाळी पाणी बदलायला जायचो. दार उघडायच्या आधीच ती उमललेली असायची. कॅमेऱ्यात स्पष्ट दिसतं. मी यायच्या थोडं आधी एकेक बोट सोडायला लागायची. बाहेरून कुणी काही सांगत नाही, तरी आत घड्याळ चालू. त्याला कुणाची गरज नाही, बाई. जिवाचं घड्याळ जिवाच्या आत असतं. आपलं आपण चालतं.”

“पुस्तकाचं नाव तेच?”

“‘आपलं आपण’.”

बाईंनी चष्म्याचं घर बाजूला केलं. चष्मा लावला. पहिलं पान उलटलं.

दुसऱ्या पानावर एकच ओळ होती.

‘चारूस, जिने कधी काही मागितलं नाही.’

बाईंनी ती वाचली. पान उलटलं नाही.

चारू त्यांचीच विद्यार्थिनी. मुकुंदच्याच वर्गातली. वर्गात तिचा पहिला नंबर असे आणि मुकुंदचा दुसरा. लग्नानंतर तिने संशोधन सोडलं. कुणी सोडायला लावलं नाही. कुणी थांबवलंही नाही.

“हे खरं आहे?” बाईंनी विचारलं.

“काय?”

“ही ओळ.”

“अगदी खरं, बाई. शेवटपर्यंत नाही.”

बाईंनी चष्मा काढला.

बाहेर ओहोटी लागली होती. खाडीचा चिखल उघडा पडत होता आणि त्याचा वास पडवीतून आत येत होता. थंडी होती, कोकणात असते तेवढी.

“सगळ्या भांड्यांत लय टिकली?”

“सगळ्या… मागची रांग सोडून.”

“मागच्या रांगेला काय झालं?”

“अशक्त निघाली. आठवड्याभरात विस्कटली. ती मी वगळली. तळटीप दिली आहे.”

“भांडी तीच?”

“तीच.”

“पाणी तेच?”

“तेच. एकाच डब्यातलं.”

“बदलायचं कोण?”

“ती रांग भिंतीला लागून होती. हात पोचत नव्हता. तिथे नळी सोडली होती. नळीने सतत जुनं पाणी बाहेर, नवं आत.”

“आणि पुढच्या रांगांना?”

मुकुंदची मान ताठ झाली.

“पुढच्या रांगांना मी. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. तुम्ही शिकवलंत तसं.”

बाईंच्या प्रयोगशाळेत एक रीत होती. पाणी बदलायचं तर भांडं लगेच उचलायचं नाही. आधी दोन्ही हातांच्या ओंजळीत धरायचं. धरून बसायचं. आपला श्वास संथ होईपर्यंत, हाताची थरथर थांबेपर्यंत. हिसक्याने उचललं तर आतला जीव आक्रसतो, आणि आक्रसलेला असताना पाणी ओतलं तर मुळापासून उपटून येतो.

विद्यार्थी हसत. बाहेरचे लोक त्याला ‘रेगेबाईंचा नैवेद्य’ म्हणत. पण देशात कुठेही कुणी भांडं असं ओंजळीत धरून डोळे मिटून बसलेला दिसला, की तो बाईंचा शिष्य आहे हे ओळखू येई.

“प्रत्येक भांडं?” बाईंनी विचारलं.

“प्रत्येक.”

“नेमाने?”

“एकही संध्याकाळ चुकलो नाही.”

हे त्याने जरा मोठ्याने म्हटलं. म्हटल्यावर त्याने बाईंच्या चेहऱ्याकडे पाहिलं. शाबासकी तिथे नव्हती.

बाई उठल्या. गुडघ्यावर हात ठेवून, दोनदा प्रयत्न करून. आतल्या खोलीच्या खिडकीत काचेची छोटी भांडी होती. निवृत्तीनंतरही बाई खाडीतून एखाददुसरा जीव आणून ठेवत. ओळख राहावी म्हणून, असं म्हणत.

त्यांनी एक भांडं आणून टेबलावर ठेवलं. तळाशी बोटभर चिखल. चिखलात एक समुद्रफूल, मिटलेलं. वाटाण्याएवढा गोळा. पाण्यात तापमापी तिरपी टेकवलेली.

“धर,” बाई म्हणाल्या.

“आत्ता?”

“विसरलास?”

त्याने भांडं ओंजळीत घेतलं. पाठ सरळ केली. विसरला नव्हता. हात जिथे जायचे तिथे गेले, बोटं जशी जुळायची तशी जुळली.

काच गार होती.

“पारा किती?”

“चोवीस.”

“बस तसाच.”

तो बसला. बाई समोर बसल्या.

मग बाईंनी विचारलं, “चारू दवाखान्यात होती तेव्हाही जायचास?”

“कुठे?”

“भांड्यांपाशी.”

“हो. म्हणजे… प्रयोग मध्यावर होता. एक दिवस चुकला असता तरी सगळं वाया.”

“दवाखान्यात कधी जायचास?”

“सकाळी. रोज. डॉक्टर फेरीला येतात तेव्हा. त्यांच्याशी बोलायला हवं असायचं. रिपोर्ट, औषधं… सगळं मी स्वतः बघायचो, बाई. त्यात कुठे कमी पडलो नाही.”

“सकाळी ती जागी असायची?”

“नाही.” तो थांबला. “रात्रीच्या औषधाची गुंगी असायची.”

“आणि भेटीची वेळ?”

“संध्याकाळी.”

“संध्याकाळी तू…”

“हो.”

भांड्यातलं पाणी हललं. त्याने हात सावरले.

“ती काही म्हणाली नाही कधी,” मुकुंद म्हणाला. “उलट विचारायची, आज किती उमलली. तिला यातलं कळत होतं. माझ्याइतकंच कळत होतं.”

“तुझ्याहून जास्त.”

“…हो. जास्त.”

“गेली त्या दिवशी?”

“पहाटे गेली. मी होतो तिथे.”

“ते मला माहीत आहे. संध्याकाळचं विचारते आहे.”

त्याने नजर गठ्ठ्याकडे वळवली.

“मुकुंद.”

“स्मशानातून आलो. आंघोळ केली. आणि गेलो.”

“घरी तिच्या जागेवर दिवा लावायचा होता.”

“शेजारच्या काकूंनी लावला. बसल्याही त्या दिव्यापाशी. मी दिवा वगैरे मानत नाही, बाई, तुम्हाला ठाऊक आहे.”

“मीही मानत नाही.”

“मग?”

“मग काही नाही. पारा वाच.”

त्याने खाली पाहिलं. तापमापी तिरपी होती. डोकं वाकवून वाचावं लागलं.

तो वाचतच राहिला.

“मोठ्याने.”

“सत्तावीस.” आणि मग, “…सत्तावीसच्या वर.”

“खोली तापली का एवढ्यात?”

“नाही.”

“सूर्य शिरला भांड्यात?”

“बाई…”

“मला विचारायचं होतं एवढंच. खोलीला कुलूप होतं, पडदे होते, थर होते. सगळं अडवलंस. मग रोज दिवेलागणीला आत काय जात होतं?”

मुकुंद आपल्या हातांकडे बघत होता. काचेवर बोटांभोवती वाफेचं पुसट कडं धरलं होतं.

तो हुशार होता. त्याला पुढचं सांगावं लागलं नाही. मागची रांग नळीवर होती, तिला हात लागत नव्हता, ती आठवड्याभरात विस्कटली. पुढच्या रांगांना रोज त्याच वेळी ऊब मिळत होती. त्या टिकल्या. अशक्त कुणीच नव्हतं.

“एवढ्याशाने?” तो म्हणाला. “थोडा वेळ धरायचो फक्त. दोन-तीन अंश. एवढ्याशाने महिनेच्या महिने…?”

“त्यांच्यापाशी दुसरं काही नव्हतं.”

“म्हणजे आतलं घड्याळ…”

“आत असेलच. मी नाही म्हणत नाही. पण एकट्याने किती दिवस चालतं, ते तुझ्या मागच्या रांगेने सांगितलं. तू तिला तळटिपेत बसवलंस.”

“आणि मी यायच्या आधी ती उमलायची, ते?”

“रोज ठरल्या वेळी यायचास ना?”

पडवीतल्या बांबूच्या पडद्यातून उजेडाच्या तिरप्या पट्ट्या आत पडल्या होत्या. त्या आता टेबलावरून उतरून जमिनीवर गेल्या होत्या.

अचानक मुकुंद चिडला.

“ही रीत तुमची होती, बाई.”

“हो.”

“तुम्ही शिकवलीत. आम्ही कुणी ती तपासली नाही, कारण ती तुमची होती. तुमची म्हणून मी ती पाळली. एक दिवस मोडली नाही. तुम्ही कधी सांगितलं नाहीत की…”

“काय सांगायचं होतं?”

“की हातांमुळे पाणी तापतं!”

“माणसाचे हात गरम असतात, हे सांगावं लागेल असं वाटलं नव्हतं.”



हे बाईंना बोलायचं नव्हतं, असं वाटलं. पण परत घेतलं नाही.

“मी उजेडावर काम करायचे,” थोड्या वेळाने त्या म्हणाल्या. “पाणी सकाळी बदलायचे, खिडकीशी, मनाला येईल तेव्हा. मला ऊब कधी मोजावी लागली नाही. तुला मोजायची होती. गौण म्हणालास.”

“पुस्तक गेलं,” मुकुंद म्हणाला.

बाईंनी ‘नाही’ म्हटलं नाही.

“शेवटचं प्रकरण गेलं म्हणजे पुस्तक गेलं. बाकी सगळं त्यासाठी होतं.” त्याचा आवाज सपाट झाला होता. “मी दुसरं काही केलं नाही, बाई. ते वर्षभर मी दुसरं काहीच केलं नाही.”

“माहीत आहे.”

“तुम्हाला कसं माहीत असेल?”

दिवस कलला होता. शेजारच्या वाडीत कुणीतरी कोंबड्यांना खुराड्यात घालत होतं. त्यांची कुरकुर ऐकू येत होती.

बाई उठल्या. या वेळी एका दमात उठल्या. दिवा लावायला गेल्या असं मुकुंदला वाटलं. पण त्या बटणाकडे गेल्या नाहीत. कोपऱ्यात जुना टेलिफोन होता, शेजारी वेताची खुर्ची. बाई त्या खुर्चीत जाऊन बसल्या. पदर सारखा केला. हात मांडीवर ठेवले.

आणि बसून राहिल्या.

“कुणाचा फोन यायचा आहे?” मुकुंदने विचारलं.

बाई दचकल्या. जणू आपण तिथे कधी आलो हे त्यांचं त्यांनाच ठाऊक नव्हतं.

“नाही,” त्या म्हणाल्या.

मग म्हणाल्या, “यायचा.”

“कुणाचा?”

“चारूचा.”

मुकुंदच्या ओंजळीत भांडं तसंच होतं. ठेवायचं त्याला सुचलं नव्हतं.

“दवाखान्यातून करायची. भेटीच्या वेळी. त्या खोलीत आणखी बायका होत्या ना. त्यांच्याकडे माणसं यायची. डबे उघडायचे, पोरं खाटेवर चढायची. चारू म्हणायची, बाई, तेवढा वेळ बोलत राहा. फोन कानाला असला की कुणी विचारत नाही, तुमच्याकडे कुणी आलं नाही का.”

“…रोज?”

“रोज. वेळ व्हायच्या आधीच तयार असायची. डोक्याचा रुमाल बदलायची, उठून बसायची. नर्स चिडवायची तिला, साटमबाई, आज कोण येतंय? ती सांगायची मला हसत.”

“काय बोलायची?”

“काहीबाही. तुझं सांगायची. घड्याळ बघायची आणि म्हणायची, आता त्याने कुलूप काढलं असेल. आता पहिलं भांडं हातात घेतलं असेल. आता डोळे मिटले असतील.”

मुकुंदने डोळे मिटले नाहीत. उघडेच ठेवले. ठेवणं कठीण जात होतं.

“श्रावणात मी तुला फोन केला होता,” बाई म्हणाल्या. “आठवतं?”

त्याला आठवायला वेळ लागला.

“तुम्ही विचारलं होतंत… एखादी संध्याकाळ मोकळी निघेल का.”

“तू काय म्हणालास?”

“मी म्हणालो, प्रयोग संपेपर्यंत नाही.” त्याने कोरड पडलेले ओठ ओले केले. “मला वाटलं तुम्हाला यायचं असेल संस्था बघायला. तुम्ही सांगितलं नाहीत कशासाठी ते.”

“सांगायचं नव्हतं. तिने तसं बजावलं होतं. मागितल्यासारखं दिसायला नको होतं तिला.”

टेबलावर दुसरं पान उघडं होतं. त्यावरची ओळ अंधुक होत चालली होती. पण दोघांनाही ती वाचायची गरज नव्हती.

“तुम्ही पुन्हा विचारायचं होतंत, बाई.”

“हो.”

“एकदा तरी.”

“हो.”

बाईंनी टेलिफोनकडे पाहिलं. त्याच्यावर धूळ नव्हती. बाकी कोपऱ्यावर होती.

“अजून रोज इथे येऊन बसता?” मुकुंदने विचारलं.

“बसायचं ठरवत नाही. येते.”

“कधी थांबेल?”

“तू सांग. तू डॉक्टर आहेस त्यातला.”

हा टोमणा होता. पण त्यात धार नव्हती. बाई थकल्या होत्या.

दिवेलागण होऊन गेली. दिवा कुणी लावला नाही. खाडीवरून उरलेला उजेड खिडकीपर्यंत येत होता, तेवढाच. त्यात बाईंचे पांढरे केस दिसत होते, आणि टेबलावरची काच.

मुकुंदला दवाखान्याची ती खोली दिसत होती. त्याने ती फक्त सकाळची पाहिली होती. फिनेलचा वास, ओली फरशी, झोपलेली चारू. संध्याकाळी ती खोली कशी दिसते हे त्याला ठाऊक नव्हतं. आता ठाऊक करून घ्यायचा मार्ग नव्हता.

एकदा सकाळी तिच्या उशाशी रुमाल पडलेला होता. निळा, इस्त्रीचा, नीट बांधलेला आणि मग सोडलेला. त्याने तो उचलून कपाटात ठेवला होता. दवाखान्यात इस्त्रीचा रुमाल कशाला, असं तेव्हा त्याच्या मनात आलं होतं. विचारायचं राहून गेलं.

“बाई…”

“हं.”

“प्रस्तावना नको आता.”

“बरं.”

“ती ओळ…”

“ती तुझी आहे. तिचं तू बघ.”

शेजारच्या वाडीत कोंबड्या निजल्या होत्या.

मुकुंदची मान खाली होती. हात आखडले होते, पण त्याने ते हलवले नव्हते. सवय होती. काच आता गार लागत नव्हती. हात कुठे संपतात आणि भांडं कुठे सुरू होतं हे कळत नव्हतं.

आणि मग त्याला ते दिसलं.

वाटाण्याएवढा गोळा उंच झाला होता. चिखलातून मान काढल्यासारखा वर आला होता. टोकाशी एक बारीक बोट सुटलं. मग दुसरं. उरलेल्या उजेडात ती आरपार दिसत होती, असून नसल्यासारखी. एकेक करून सगळी पसरली, आणि काचेच्या ज्या बाजूला त्याचा अंगठा होता त्या बाजूला झुकली.

महिनेच्या महिने त्याने हे कॅमेऱ्यात पाहिलं होतं. ओंजळीत घेऊन कधी पाहिलं नव्हतं. ओंजळीत घेतल्यावर तो डोळे मिटत असे.

“बाई,” तो म्हणाला. “बाई, हे उमललं. माझ्या हातात…”

बाई खुर्चीतून उठल्या नाहीत.

“ठेव ते खाली,” त्या म्हणाल्या. “उद्या तू इथे नसशील.”